आजोबांची निळी पाटी

रेल्वेच्या सिव्हिल खात्यात डिप्लोमा इंजिनिअर म्हणून मला वीसेक वर्षे झाली. रूळ, स्लीपर, खडी यांच्याबरोबर पाट्या हाही आमच्या कामाचा भाग. फाटकाच्या अलीकडे 'सी/फा' लिहिलेला पिवळा फलक आपण गाडीतून पाहिला असेल. 'सीटी बजाओ, फाटक आहे' हे ड्रायव्हरला सांगणारी ती पाटी उन्हापावसात पुसून गेली तर चालत नाही. तरीही आमच्याच दुकानाच्या पाटीबाबत मी चुकलो, त्याची ही गोष्ट.

आमचे आजोबा वर्ध्याहून बिलासपूरला आले आणि त्यांनी घड्याळ दुरुस्तीचे दुकान थाटले. १९६१ साली त्यांनी कलकत्त्याहून इनॅमलची पाटी करवून आणली. गडद निळ्या जमिनीवर पांढरी ठसठशीत अक्षरे. वर हिंदी, खाली मराठी. २००५ साली मी नोकरीला नवाच होतो. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर झालास, पाटी बदलायची का ते तूच सांग." त्या वर्षांत बाजारात फ्लेक्सची लाट होती. रंगीत, स्वस्त, सकाळी सांगितले की संध्याकाळी तयार. मी फ्लेक्स सुचवला. जुनी पाटी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेली.

इनॅमल म्हणजे डब्यातला ऑइलपेंट नव्हे, ही खरी काच असते. पोलादी पत्रा आम्लात धुऊन त्यावर काचेच्या भुकटीचा लेप देतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. काच वितळून लोखंडाला कायमची चिकटते. मग प्रत्येक रंगासाठी पुन्हा लेप, पुन्हा भट्टी. रंग देणारी धातूंची ऑक्साइडे काचेतच बंद झाल्यामुळे ऊन त्यांना खाऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा वाढला. १८८९ साली बर्मिंगहॅमजवळ सेली ओक येथे खास पाट्यांचाच कारखाना निघाला. आपल्याकडे या पाट्या फलाटाफलाटांवर पोचल्या. चहा कसा करावा हे शिकवणाऱ्या इनॅमल पाट्यासुद्धा बंगालमधल्या स्टेशनांवर लागल्या होत्या. या पाटीचा एकच शत्रू, दगड. टवका उडाला की तिथून गंज शिरतो.

पुढे एकेक नवे साहित्य येत गेले. १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी निऑनच्या नळ्या झळकवल्या. १९३०च्या दशकात अक्रिलिक आले आणि अक्षरे आतून उजळू लागली. १९६९ साली ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक भरलेले पॅनल निघाले. आज 'एसीपी' म्हणून जे सगळीकडे दिसते ते हेच. आपल्या गावोगावी मात्र पत्र्यावर ब्रशने अक्षरे काढणारे पेंटरच राज्य करत होते. फ्लेक्सने त्यांचे काम हिरावून घेतले, आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी त्याला हातभार लावला.

फ्लेक्स म्हणजे जाळीवर चढवलेले पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारे रसायन उन्हात हळूहळू निघून जाते, मग कापड कडक होऊन तडकते. वरची शाईही विटते. आमच्या फ्लेक्सवरचा लाल रंग दुसऱ्या उन्हाळ्यात गुलाबी झाला आणि तिसऱ्या पावसाळ्यात अर्धे नाव फाटून लोंबू लागले. एक जुने गिऱ्हाईक दारावरून पुढे गेले. त्यांना वाटले दुकान बंद झाले. बाबा मला काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी टाकीवरची पाटी काढून चिंचेच्या कोळाने घासली. निळा रंग जसाच्या तसा. फक्त दोन कोपरे गंजलेले.

आता तिथे धाकटा भाऊ मोबाइल दुरुस्ती करतो. बाहेर एसीपीवर अक्रिलिकची अक्षरे आहेत. पॅनल घेताना बाहेरच्या उन्हाला टिकणारा पीव्हीडीएफ लेप मागून घेतला. अक्रिलिकची भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवली, कारण तापमान ३० अंशांनी वाढले की मीटरभर अक्रिलिक सुमारे २ मिलिमीटर वाढते. पोलाद त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतके वाढते. रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात हे जन्मभर शिकलो, ते घरी उपयोगी पडले. आजोबांची पाटी आत, काउंटरच्या वर आहे.

पाटी निवडताना माणसे आधी दर विचारतात. मीही तेच केले होते. आधी विचारावे, हे नाव किती वर्षे वाचले जायला हवे? दहा दिवसांच्या कमानीला कापडी फलक पुरेसा. शिवाय १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहेच. दुकानाला एसीपी किंवा नीट प्रायमर लावून रंगवलेला पत्रा. आणि परमुलखात तीन पिढ्यांनी वाचावे असे नाव असेल, तर इनॅमल अजूनही करून मिळते.

आपल्या मंडळाच्या दारावर आपण दरवर्षी नवा फ्लेक्स लावतो. त्यावरचे साल बदलते, पण मंडळाचे नाव बदलत नाही. तेवढे नाव एकदाच, भट्टीत भाजून घ्यावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. पहिली वर्गणी माझी.