तीन कुलुपांची पेटी

थोडी शिल्लक बाळगणाऱ्या गृहस्थापुढें एक जुनाच प्रश्न उभा असतो. सगळें द्रव्य एका ठिकाणीं ठेवावें तर तें एकदम बुडण्याची भीति. अनेक ठिकाणीं वांटावें तर प्रत्येक ठिकाणची माहिती काढण्यास वेळ नाहीं आणि रक्कमही पुरत नाहीं. अनेकांनीं मिळून एक निधि उभारावा, तो जाणत्या माणसानें निरनिराळ्या ठिकाणीं गुंतवावा आणि नफातोटा हिश्शाप्रमाणें वांटून घ्यावा, ही या प्रश्नावरची तोड. आज घरोघर ज्यास म्युच्युअल फंड म्हणतात तो हाच. त्याचा इतिहास अडीचशें वर्षांचा आहे. आणि शेंकडों फंडांतून एक निवडतांना काय विचारावें, हें त्या इतिहासानेंच शिकविलें आहे.

१७७२-७३ सालीं ॲमस्टरडॅमच्या पेढ्यांवर मोठें संकट आलें. त्याचा धसका ताजा असतांनाच, १७७४ सालीं, आब्राहाम व्हान केटविख नांवाच्या दलालानें एक निधि काढला. त्याच्या डच नांवाचा अर्थ ‘एकीचें बळ’ असा होता. प्रत्येकीं ५०० गिल्डरांचे २००० भाग विकावयाचे, आणि त्या पैशांतून डेन्मार्क, स्पेन, स्वीडन, रशिया इत्यादि देशांचे व वेस्ट इंडिजकडील मळ्यांचे कर्जरोखे घ्यावयाचे, अशी योजना होती. हे रोखे एका लोखंडी पेटींत ठेवलेले असत. पेटीस तीन निराळीं कुलुपें होतीं, आणि किल्ल्या देखरेख करणारे पंच व नोटरी यांच्याकडे वेगवेगळ्या असत. एकट्या दलालास पेटी उघडतां येत नसे. हिशेबही दरसाल दाखविला जाई. तथापि कुलूप चोरीपासून वांचवितें, आंतल्या मालाची किंमत घसरण्यापासून नव्हे. १७८० सालीं इंग्लंड व हॉलंड यांच्यांत युद्ध जुंपलें, तेव्हां या निधीसही झळ लागलीच.

हीच कल्पना १८६८ सालीं लंडनमध्यें रुजली. ‘फॉरेन ॲण्ड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट’नें अनेक सरकारांचे रोखे एकत्र करून, बड्या भांडवलदारास मिळणारी सुरक्षितता बेताच्या ऐपतीच्या माणसास देऊं केली. ती संस्था नांव बदलून आजही चालू आहे.

अमेरिकेनें मात्र या कल्पनेचें दुसरें रूप दाखविलें. १९२८ च्या डिसेंबरांत ‘गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन’चे भाग लोकांस १०४ डॉलरांस विकण्यांत आले. पुढल्याच वर्षीं या निधीनें दुसरा निधि काढला, आणि त्यानें तिसरा. एकाच्या पोटांत दुसरा अशी ही उतरंड होती. तेजींत असे भाग आंतल्या मालाच्या किंमतीहून कितीतरी अधिक दरानें खपत. १९२९ च्या ऑक्टोबरांत बाजार कोसळला, आणि १९३२ पर्यंत १०४ डॉलरांचा भाग दोन डॉलरांच्याही खालीं आला. निधि मोडले ते विविधतेच्या अभावामुळेंच नव्हे. रुपयाचा माल दोन रुपयांस घेतला गेला, हें त्याचें मोठें कारण. याच्या उलट, बोस्टनमध्यें १९२४ सालीं निघालेल्या ‘मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट’नें, आंतल्या मालाची जी किंमत असेल त्याच हिशेबानें भाग परत घेण्याची पद्धत ठेविली. पुढें १९४० च्या अमेरिकन कायद्यानें या पद्धतीस नियमांचें बळ दिलें.

भारतांत हा धडा मुंबईस फार महागांत शिकावा लागला. १९६३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टची पहिली योजना जुलै १९६४ मध्यें निघाली. दहा रुपयांचें युनिट, मागें सरकारचें नांव, दरसाल नेमानें लाभांश! पेन्शनर, नोकरदार, विधवा अशा असंख्य कुटुंबांनीं ती बँकेच्या ठेवीसारखी मानली. परंतु युनिटाचा दर बाजारांतील मालावरून ठरत नसे. तो ट्रस्ट स्वतः ठरवी. पुढें योजनेंत शेअरांचा वांटा फार वाढला, तरी दराची पद्धत तीच राहिली. १९९८ सालीं पहिला धोका दिसला आणि सरकारनें सांवरून धरलें. २००१ च्या जुलैमध्यें मात्र युनिटांची विक्री व परतखरेदी दोन्ही बंद ठेवावीं लागलीं. त्याआधींच्या महिन्यांत बड्या कंपन्यांनीं मोठाल्या रकमा चढ्या दरानें काढून नेल्या होत्या. खऱ्या किंमतीहून अधिक दरानें बाहेर पडणारा मागें राहणाऱ्याच्या खिशांतूनच तें जास्तीचें घेतो. आणि मागें राहिले ते बहुतांशीं लहान लोक. पुढें २००२ मध्यें जुना कायदा रद्द होऊन संस्थेचे दोन तुकडे करण्यांत आले.

दराचा प्रश्न याप्रमाणें उलगडला. आतां भारतीय फंडांची मालमत्तेवर आधारलेली किंमत कामकाजाच्या प्रत्येक दिवशीं जाहीर होते. विश्वस्त, व्यवस्थापन करणारी कंपनी व रोखे सांभाळणारी संस्था या तीन वेगळ्या ठेवलेल्या असतात. हींही एक प्रकारें तीन कुलुपेंच. राहतो तो खर्चाचा प्रश्न, आणि तो अधिक फसवा आहे, कारण खर्चाचें बिल कोणाच्याही हातीं पडत नाहीं. एक लक्ष रुपये वीस वर्षें दरसाल दहा टक्क्यांनीं वाढले, तर सुमारें ६ लक्ष ७३ हजार होतात. नऊ टक्क्यांनीं वाढले, तर ५ लक्ष ६० हजार. एका टक्क्याचा हा फरक मूळ मुद्दलाहूनही मोठा आहे. १९७६ सालीं जॉन बोगल यांनीं अमेरिकेंत, शेअर निवडण्याचा आव न आणतां सबंध निर्देशांकच धरून चालणारा अल्पखर्ची फंड लोकांपुढें ठेविला. पंधरा कोटि डॉलर अपेक्षिले असतां सव्वा कोटिही जमले नाहींत, आणि थट्टा झाली ती निराळीच. आज जगांत अशा फंडांत प्रचंड द्रव्य आहे. भारतांतही २०१३ पासून मध्यस्थाच्या दलालीवांचून थेट फंड घेण्याची सोय आहे.

जाहिरातींत मात्र अजूनही मागल्या वर्षींचा नफाच ठळक अक्षरांत छापला जातो.  फंड निवडणाऱ्या गृहस्थानें तो आंकडा शेवटीं पाहावा. आधीं पाहावें तें हें, कीं पेटींत माल कोणता, किल्ल्या कोणापाशीं, दर कशावरून ठरला आणि राखणदार दरसाल किती घेतो. या चार प्रश्नांचीं उत्तरें जेथें सरळ मिळत नाहींत, तेथें नांव कितीही थोर असलें तरी पैसा घरांतून बाहेर काढूं नये.