जेन टेनिसनचा दुहेरी तपास

इंग्लंडमधील ग्रँथम येथे १९१५ साली एडिथ स्मिथ या अटकेचा पूर्ण अधिकार लाभलेल्या ब्रिटनमधील पहिल्या स्त्री-पोलीस झाल्या. परंतु अधिकार मिळणे निराळे आणि तो मानला जाणे निराळे. हे अंतर पाऊणशे वर्षांनंतरही बुजले नव्हते, याची साक्ष ‘प्राइम सस्पेक्ट’ ही ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिका देते.

१९९१ साली ती ग्रॅनाडाने सादर केली. लेखिका लिंडा ला प्लांट यांनी लंडन पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी जॅकी मॉल्टन यांचे अनुभव ऐकून जेन टेनिसन ही नायिका घडविली. हेलन मिरेन यांनी ती साकारली.

एका पुरुष अधिकाऱ्यास अकस्मात मृत्यू येतो, तेव्हा कोठे खुनाचा तपास टेनिसनला मिळतो, आणि तोही मागून घ्यावा लागतो. हाताखालचा सार्जंट ओटली तिला पाण्यात पाहतो. मृत स्त्रीची ओळखच आधीच्या अधिकाऱ्याने चुकीची ठरविली होती, हे मात्र तीच उघडकीस आणते. हळूहळू विरोधकही तिच्या पाठीशी उभे राहतात. पण घरचा जिवलग दुरावतो.

२००६ साली मालिका संपली. खुनी शोधणे हे तिचे एक काम. कर्तृत्वाला पुनःपुन्हा पुरावा का मागितला जातो, हा तिचा दुसरा तपास. तो अधिक कठीण होता.