पाळणाघर कोणाची जबाबदारी? कारखाना, कायदा आणि कपात

औद्योगिक इतिहास शिकताना आपण यंत्रे, भांडवल, संप, कामाचे तास हे सगळे वाचतो. एक प्रश्न मात्र राहून जातो : आई कामावर गेली की तान्हे मूल कुणाजवळ असते? या टिपणात आपण त्या प्रश्नाचा माग घेऊ.

१. गिरणीपासून सुरुवात

1920च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो स्त्रिया काम करत. मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल तेव्हा सर्रास होती. सरकारी चौकशीतही तिची नोंद झाली. याला आईची निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण पगार बुडवणे परवडत नव्हते आणि मूल ठेवायला जागा नव्हती, हे लक्षात घ्या.

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशीही त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला, पण पैसे द्यायचे ते मालकाने. पुढचा बराच इतिहास या एका निर्णयातून निघतो.

२. कायदा कोणाला मोजतो?

1948च्या कारखाना कायद्यात 50हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. 1976 साली ही मर्यादा 30वर आली. इथे थांबून विचार करा. मोजणी फक्त स्त्रियांची होती. म्हणजे मूल हे फक्त आईचे, असे कायद्यानेच गृहीत धरले. शिवाय, स्त्रियांची संख्या मर्यादेच्या आत ठेवली की मालकाचा खर्च वाचतो. जिच्यासाठी सोय करायची, तिलाच कामावर न घेण्याचे कारण त्यातून मिळते.

2017च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी, स्त्री-पुरुष सगळे धरून, अशी मोजणी आणली. बदल महत्त्वाचा आहे. पण शेतमजूर, घरकामगार आणि छोट्या आस्थापनांतल्या स्त्रिया त्याच्या बाहेरच राहिल्या.

३. बांधकामावरचे पाळणाघर

1969 साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. तिथे मजुरांची मुले धुळीत, उन्हात पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. बांधकाम पुढे सरकले की पाळणाघरही सरकायचे. 1975 साली अंगणवाड्या सुरू झाल्या, पण अंगणवाडी दिवसातले काही तासच चालते आणि मजुराची पाळी आठ तासांची असते.

४. कपात होते, काम उरते

2006 साली केंद्राने जुन्या योजना एकत्र करून राष्ट्रीय पाळणाघर योजना आणली. तिच्यात केंद्राचा वाटा 90 टक्के होता. 2017 साली तो बहुतेक राज्यांत 60 टक्के झाला. 30 टक्के राज्याने आणि 10 टक्के संस्थेने द्यायचे ठरले. पूर्वी सुमारे 23,000 असलेली पाळणाघरे 2020च्या सुमारास साधारण 6,500 उरली.

तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकीत शिकता, की एक खांब काढला तरी भार नाहीसा होत नाही. तो शेजारच्या खांबावर जातो. इथेही तसेच होते. अंदाजपत्रकात खर्च कमी दिसतो, मूल मात्र कुणीतरी सांभाळतच असते : आजी, शाळा सोडलेली थोरली बहीण, किंवा नोकरी सोडलेली आई. 2019च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात रोजच्या बिनपगारी घरकामात 81.2 टक्के स्त्रिया आणि 26.1 टक्के पुरुष भाग घेत होते. भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जाई, पुरुषांचा 97.

म्हणून ‘मुली नोकरी का सोडतात’ हा प्रश्न फक्त त्यांच्या इच्छेचा मानू नका. सोय कोणी काढून घेतली, तेही विचारा.

विचारासाठी प्रश्न

1. पाळणाघराचा खर्च मालक, राज्य आणि कुटुंब यांच्यात कसा वाटावा? कारणे द्या.
2. तुमच्या महाविद्यालयाच्या आवारात बांधकाम चालू असेल, तर मजुरांची मुले दिवसभर कुठे असतात ते पाहून अर्धे पान लिहा.