पेटी आणि गोविंदराव टेंबे

इ. स. १८४० च्या सुमारास पॅरिस शहरांत अलेक्झांडर देबँ नांवाच्या कारागिरानें हार्मोनियम हें वाद्य सिद्ध केलें, तेव्हां तें पुढें हिंदी संगीताच्या मैफलींत जाऊन बसेल, हें त्याच्या स्वप्नांतहि आलें नसेल. मूळचें वाद्य पायांनीं भाता हलवून वाजवावयाचें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं त्यास जमिनीवर बसून, एका हातानें भाता ओढीत वाजविण्याजोगें रूप दिलें. आणि पाहतां पाहतां ही पेटी कीर्तनापासून नाटकगृहापर्यंत सर्वत्र रूढ झाली. या उपऱ्या वाद्यास महाराष्ट्रांत जी प्रतिष्ठा लाभली, तिचें मोठें श्रेय गोविंद सदाशिव टेंबे यांच्याकडे जातें.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालीं कोल्हापूरनजीक सांगवडे येथें झाला. शाहू महाराजांच्या आश्रयामुळें कोल्हापूर त्या काळीं गाण्याचें माहेरघर बनलें होतें. खुद्द अल्लादियाखांसाहेब तेथील दरबारीं होते. पेटीसाठीं मात्र गोविंदरावांस रीतसर गुरु नव्हता. कानांनीं ऐकावें आणि बोटांनीं शोधावें, हीच त्यांची पाठशाळा. भास्करबुवा बखले यांच्या गायकीनें त्यांच्या संगीतास दिशा दिली, आणि बुवांच्या साथीस बसतां बसतां गाण्याचें मर्म त्यांच्या हातांत उतरलें.

पेटीचा दोष तिच्या रचनेंतच आहे. सप्तकांतील बारा सूर कायमचे ठरलेले. शिवाय ते समान अंतरानें लावलेले असल्यामुळें आपल्या रागांतील सूक्ष्म श्रुतींशीं त्यांचा नेमका मेळ बसत नाहीं. सतारीची तार ओढावी किंवा सारंगीवर बोट सरकवावें, तशी सोय येथें नाहीं. एका पट्टीवरून दुसरीवर जातांना मधली वाट तुटते. आणि मींड हा तर आपल्या गाण्याचा प्राण. कुशल वादक ही उणीव झांकण्यासाठीं एक पट्टी सोडण्यापूर्वींच शेजारची हलकेच दाबतो, कणसुरांचा स्पर्श देतो, भात्याचा दाब कमीजास्त करून सुरांत जणुं श्वास भरतो. गोविंदरावांची कीर्ति झाली ती नुसत्या चपळ बोटांमुळें नव्हे. गळ्याचें गाणें पेटींत उतरविण्याच्या या कलेमुळें.

तथापि गळ्याचा भास म्हणजे गळा नव्हे. पेटीस जें अशक्य, तें प्रत्यक्ष गळ्यांतून वदवून घेण्याची संधि त्यांना १९११ सालीं मिळाली. अण्णासाहेब किर्लोस्कर व गोविंदराव देवल हे नाटककार आपल्या पदांच्या चाली स्वतःच योजीत असत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं 'मानापमान' नाटकाच्या चालींची जबाबदारी गोविंदरावांवर टाकली. त्यांनीं रागदारी चिजांच्या जोडीस बनारस-लखनौकडील ठुमरी-दादऱ्याचा डौल मराठी पदांस दिला. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें, आणि भामिनीच्या भूमिकेंतील बालगंधर्वांच्या कंठांतून त्या चाली घरोघरीं पोंचल्या. पट्टीस न साधणारी मींड त्या कंठास सहज साधत होती. पेटीच्या मर्यादा ज्यानें रोज बोटांखालीं अनुभवल्या, त्यानेंच गळ्याला इतकें मोकळें रान द्यावें, यांत गोविंदरावांच्या प्रतिभेचें रहस्य दिसतें.

१९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. पुढें तींतून बाहेर पडून शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ सालीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटांत त्यांनीं हरिश्चंद्राची भूमिका केली व संगीतहि दिलें. 'माझा संगीत-व्यासंग' व 'माझा जीवनविहार' या ग्रंथांनीं ते साहित्यिक म्हणूनहि मान्यता पावले.

याच काळांत पेटीवर मोठें संकट आलें. तिचे ठरीव सूर हिंदी संगीताचा घात करतात, असा आक्षेप देशी-विदेशी जाणकार घेत होते. रवींद्रनाथ ठाकूरांसहि ती अप्रिय होती. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपले दरवाजे बंद केले. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. परंतु त्यांत वाद्याचा विचार झाला, वाजविणाऱ्या हाताचा झाला नाहीं. सारंगी मिळणें दुर्घट अशा गांवोगांवीं याच पेटीनें गाणें जिवंत ठेविलें होतें, ही गोष्टहि नजरेआड झाली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजीं गोविंदराव निवर्तले, तेव्हां ती बंदी कायम होती. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

वाद्यास दोष देणें सोपें आहे. त्या दोषाशीं जन्मभर झुंजून त्यांतूनच नवें गाणें काढणें, हें मात्र एखाद्या गोविंदरावांसच साधतें.