मुलांच्या पायांची असमान लांबी : शस्त्रक्रिया आणि तिची वेळ

दोन्ही पायांच्या लांबीत एखाद्या सेंटिमीटरचा फरक पुष्कळांत असतो आणि तो सहसा जाणवतही नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या फरकाला बुटाची टाच उंचावणे बहुधा पुरेसे ठरते. त्यापुढे मात्र मूल लंगडू लागते, कंबर एका बाजूला कलते. जन्मजात दोष, हाडातील जंतुसंसर्ग आणि वाढपट्टिकेतून गेलेला अस्थिभंग ही त्याची प्रमुख कारणे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित होण्यापूर्वी पोलिओही त्यांत होता.

वाढपट्टिका म्हणजे लांब हाडाच्या टोकाजवळील कूर्चेचा पातळ थर. हाड लांबते ते येथूनच. पायाची सुमारे दोन तृतीयांश वाढ गुडघ्याभोवती होते : मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी वर्षाला साधारण ९ मिलिमीटर आणि नडगीच्या वरच्या टोकाशी ६ मिलिमीटर.

फरक दोन ते पाच सेंटिमीटरचा असल्यास शस्त्रक्रिया बहुधा लांब, म्हणजे निरोगी पायावर केली जाते. पालकांना पटण्यास हीच गोष्ट सर्वांत अवघड! अमेरिकी शल्यविशारद डॅलस फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या या उपचारात वाढपट्टिका कायमची निकामी केली जाते आणि आखूड पाय उरलेल्या वर्षांत अंतर भरून काढतो. आता हे काम लहान छेदातून, ड्रिलच्या साहाय्याने होते. धातूच्या पट्ट्या व स्क्रू बसवून वाढ तात्पुरती रोखण्याचाही पर्याय आहे.

सारे गणित वेळेचे आहे. मुलींची वाढ साधारण चौदाव्या, तर मुलांची सोळाव्या वर्षी थांबते. बारा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याजवळील दोन्ही पट्टिका थांबवल्यास दोन वर्षांत सुमारे तीन सेंटिमीटर फरक भरून निघतो. वर्षभर उशीर झाल्यास जेमतेम दीड. येथे जन्मतारखेपेक्षा हाडांचे वय महत्त्वाचे असते. ते डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून ठरवतात.

फरक याहून मोठा असल्यास किंवा वाढ संपली असल्यास आखूड हाड लांबवण्याचा मार्ग उरतो. सोव्हिएत शल्यविशारद गावरिल इलिझारोव यांच्या पद्धतीत हाड छेदून, बाहेरून बसवलेल्या चौकटीने ते रोज एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, ताणले जाते. चौकट अनेक महिने वागवावी लागते आणि तारांच्या जागी जंतुसंसर्गाचा धोका असतो.

एका बुटाची टाच लवकर झिजणे किंवा पायजम्याचा एकच पाय जमिनीला लागणे, ही घरच्या घरी दिसणारी लक्षणे आहेत. ती आढळल्यास मुलाला बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.