पाण्याचं वावडं

आमच्या वाघ्याला पाण्याचं भारी वावडं. पाऊस लागला की तो पडवीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. पागोळीचा थेंब नाकावर पडला तर निखारा पडल्यासारखा मागं सरायचा. बाहेर जायचं झालं तर दारात उभा राहून आधी आभाळ बघायचा, मग अंगणातल्या डबक्याला वळसा घालून, एकेक पाय झटकत जायचा. रायगडावरच्या वाघ्यानं महाराजांच्या चितेत उडी घेतली, अशी कथा सांगतात. आमचे बाबा म्हणायचे, "तो आगीला नाय भ्याला, आन् आमचा पान्याला भितंय!"

नागोठण्याच्या मामांनी हे पिल्लू दिलेलं. रोह्याकडून पेणच्या खारेपाटात आलं, म्हणजे पाण्याला भिणारं जनावर पाण्याच्याच तोंडाशी येऊन पडलं.

कुत्र्याचं तरी काय चुकतं? भिजलेली लव लवकर वाळत नाही, अंगात थंडी भरते. कौलांवर पाऊस ताशासारखा वाजतो, तो त्याच्या तिखट कानाला आपल्यापेक्षा जास्त लागतो. जमिनीवरचे वास धुऊन जातात. नाकावर चालणाऱ्या जनावराची वाटच पुसली जाते.

आणि आम्ही त्याला हसणारे कोण? खारेपाटाचा सगळा इतिहास पाणी नको म्हणण्याचाच आहे. वाडवडिलांनी खाजणात मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर, भरतीला झडप बंद. अशा बंदिस्तीच्या जमिनीला शिलोत्री म्हणत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरातही शिलोत्रीची नोंद आहे. उधाणाला बांधाला खांड पडली की रात्र बघायची नाही, घरटी माणूस चिखल उपसायला धावायचा. १९४८ साली मुंबई सरकारनं खार जमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. कागद बदलले, पाणी तेच राहिलं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पावसानं मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. पाऊस हवा, खाडी नको, हे आमचं गणित. वाघ्याला दोन्ही नको, एवढाच फरक.

१९८९ च्या जुलैत, २३-२४ तारखेला, आंबा नदी फुगली. सुधागडातलं जांभुळपाडा तिनं उद्ध्वस्त केलं, कित्येक माणसं गेली. नागोठण्यात पाणी घुसलं. तीच नदी पुढं धरमतरच्या खाडीला मिळते, आमच्या शिवारावरून. वरून पूर, खालून भरती. रात्री बांध फुटला तेव्हा आम्ही पोरं, म्हातारी आणि हाताला लागलं तेवढं भात घेऊन माळ्यावर चढलो. वाघ्याला हाका मारल्या. तो कणगीवर चढून बसलेला, कोरडा. पाण्यात पाय घालीना. भुंकतही नव्हता, नुसता आमच्याकडं बघत होता.

कणगी कलायला लागली. मी शिडीला पाय लावेपर्यंत बाबा खाली उतरले होते, छातीभर पाण्यात. ज्याला रोज शिव्या घातल्या त्याला कोकरासारखा खांद्यावर टाकून वर आणला. कंदिलाच्या उजेडात वाघ्या क्षणभर उभा राहिला आणि नाकापासून शेपटीपर्यंत असा झाडला, की म्हातारीपासून पोरांपर्यंत सगळे चिंब झाले. त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळेच हसलो. मामांकडचं काय झालं असेल, हे तोवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. हसता हसता आई रडायला लागली, तेव्हा ते निघालं.

मामांकडची माणसं वाचली, दोन बैल गेले. आमचं त्या सालचं भात गेलं, पुढच्या सालचंही.

पाणी ओसरल्यावर फावडी घेऊन आम्ही बांधावर निघालो. वाघ्या पडवीच्या कोरड्या कडेपर्यंत आला, पुढचा चिखल हुंगला आणि तिथंच बसला. बाबांनी मागं वळून बघितलं.

"ऱ्हाऊ दे त्याला," ते म्हणाले. पान्याला भितंय, असं ते त्यानंतर कधी म्हणाले नाहीत.