आचार्य शांतिसागर : दिगंबर मुनिपरंपरेला नवे बळ देणारा भोजचा शेतकरी

१/ दिनांक १८ सप्टेंबर १९५५, रविवारची सकाळ. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर आचार्य शांतिसागर यांनी देह ठेवला. विसाव्या शतकातील दिगंबर जैन मुनिपरंपरेचा इतिहास या नावाशिवाय सांगता येत नाही. त्याची सुरुवात मात्र एका शेतकरी घरात होते.

२/ दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमावर वसलेले भोज हे बेळगाव जिल्ह्यातील गाव. तेथील पाटील घराण्यातील भीमगौडा व सत्यवती यांचे हे पुत्र. जन्म १८७२, नाव सातगौडा. नवव्या वर्षी विवाह झाला, पण बालवधू लवकरच निवर्तली. पुन्हा विवाह केला नाही. विरक्ती तरुणपणीच होती. परंतु वडिलांच्या इच्छेला मान देऊन ते घरी राहिले आणि आईवडिलांच्या निधनानंतरच बाहेर पडले.

३/ १९१५ साली उत्तूर येथे क्षुल्लक दीक्षा आणि १९२० साली यरनाळ येथे मुनिदीक्षा. दोन्ही देवेंद्रकीर्ती यांच्याकडून. त्या काळी मुनी विरळ होते आणि आचारही शिथिल झाला होता. मुनी कोणाच्या घरी जेवणार हे उपाध्ये आधीच ठरवीत आणि वावरताना मुनी अंगावर वस्त्र घेत.

४/ शांतिसागरांनी हे नाकारले. शास्त्राप्रमाणे मुनीने मनात नियम धरून निघावे, तो जुळेल तेथेच उभ्याने, ओंजळीत, दिवसातून एकदाच आहार घ्यावा. न जुळल्यास उपाशी परतावे. सुरुवातीला लोकांना हा विधीच ठाऊक नसल्याने त्यांना वारंवार उपवास घडले. हळूहळू श्रावकच शिकले. आचार सुधारला तो या उपवासांतून, वादविवादांतून नव्हे.

५/ १९२४ साली सांगलीजवळच्या समडोळी येथे त्यांना आचार्यपद मिळाले. १९२७ मध्ये कुंभोज-बाहुबलीहून संघ पायी निघाला आणि १९२८ मध्ये सम्मेद शिखरजीला पोहोचला. ज्या उत्तर भारतात अनेक पिढ्यांनी दिगंबर मुनी पाहिला नव्हता, तेथून हा संघ दिवसाढवळ्या गेला. दिल्लीत मुनींच्या संचारावर बंधने होती. तेव्हा प्रमुख स्थळांपुढे त्यांनी मुद्दाम छायाचित्रे काढून घेतली, असे सांगितले जाते. मुनी येथे मुक्तपणे फिरले, याचा पुरावा पुढच्यांना राहावा म्हणून.

६/ त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादाचा प्रसंग १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायद्याचा. या कायद्याच्या व्याख्येत ‘हिंदू’ शब्दात जैनही आले होते. जैन हा स्वतंत्र धर्म असल्याने हा कायदा जैन मंदिरांना लागू होऊ नये, अशी आचार्यांची भूमिका होती. १९४८ मध्ये त्यांनी अन्नत्याग केला. तीन वर्षे धान्य घेतले नाही.

७/ अकलूजच्या जैन मंदिराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २४ जुलै १९५१ रोजी न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी निर्णय दिला : ज्या जैन मंदिरात हिंदूंना रूढीने वा कायद्याने पूजेचा हक्क नाही, तेथे या कायद्याने हरिजनांनाही तो मिळत नाही. त्यानंतर ऑगस्टमध्ये आचार्यांनी पुन्हा धान्य घेतले.

८/ या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. अनुयायांसाठी तो धर्माच्या स्वातंत्र्याचा लढा होता. मंदिराबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र तो आणखी एक बंद दरवाजा होता. पुढे १९५६ च्या कायद्याने जैनांसह हिंदूंची सार्वजनिक पूजास्थळे सर्व जातींना खुली केली. थोर तपस्व्याचे चरित्रही त्याच्या काळाच्या मर्यादांसह वाचावे लागते.

९/ आता पुन्हा कुंथलगिरी. वयाच्या ८३ व्या वर्षी दृष्टी क्षीण झाली. मुनीसाठी हा प्रश्न केवळ आजाराचा नसतो. चार हात जमीन पाहून पाऊल टाकणे, ही ईर्यासमिती. डोळेच नसतील तर पायाखालचा जीव वाचणार कसा? ज्या देहाने अहिंसा पाळता येत नाही, तो अट्टाहासाने टिकवायचा नाही, या विचाराने त्यांनी १४ ऑगस्टला सल्लेखना स्वीकारली. सप्टेंबरच्या आरंभी पाणीही सोडले. आचार्यपद त्यांनी आधीच वीरसागर या शिष्याकडे सोपवले होते.

१०/ ८ सप्टेंबरला, सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी, त्यांचा अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. भाषा मराठी. सार साधे : आत्मा आणि देह वेगळे आहेत हे ओळखा, संयमाला घाबरू नका, रोज थोडा वेळ तरी आत्मचिंतन करा.

११/ सल्लेखना म्हणजे आत्महत्या की व्रत, हा वाद आजही चालू आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. या वादाचा विचार करताना कुंथलगिरीचे ते ३६ दिवस आठवावेत. तेथे देह सोडण्याचे कारण देहाचा कंटाळा हे नव्हते. पायाखालच्या मुंगीची काळजी हे होते.